अखेरच्या दिवसांतील सत्य



आमच्या एका जुन्या स्नेह्यांस यकृताचा कर्करोग झाला असून तो आता बरा होण्याजोगा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. घरच्यांनी ही गोष्ट त्यांच्यापासून लपविली. ते आम्हांस म्हणाले, "मास्तर, सारी माणसे माझ्यापुढे हसतात आणि स्वयंपाकघरात रडतात. मला सारे कळते. पण बोलावे कोणाशी?"

मायेपोटीच आपण रोग्यास असे एकटे पाडतो. त्यास देणीघेणी सांगावयाची असतात, दुरावलेल्या भावास भेटावयाचे असते. म्हणून त्याने विचारल्यास सौम्य शब्दांत सत्य सांगावे. रोग हटत नसला तरी वेदना शमविता येतात. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली स्थापन झालेले शांती अवेदना सदन याच सेवेसाठी आहे.

अखेरीस केवळ यंत्रांच्या आधारे आयुष्य लांबवू नये, अशी इच्छा लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला. २०२३ साली त्याची रीतही सुलभ झाली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घ्यावे लागते.

आमच्या स्नेह्यांशी आता मुले मोकळेपणाने बोलतात. आजार तोच आहे. पण घरातील कुजबुज थांबली आहे. आम्हीही साठी ओलांडली आहे. आमची पाळी येईल तेव्हा आमच्यापासून काही लपवू नये, असे आम्ही घरी सांगून ठेविले आहे. आपणही प्रकृती ठीक असतानाच हा विषय घरी काढावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.