नऊ उसांची साखर : संगणकीय खेळातील निर्मिती आणि सहकार



नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या रांगा आणि तापीचे पात्र यांच्या दरम्यानच्या प्रदेशात पुरुषोत्तमनगर वसले आहे. श्री सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे ठिकाण म्हणून हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. बेणे कसे निवडावे, पाणी केव्हा द्यावे, खोडवा कोणता राखावा आणि उतारा कशाने घटतो, हे ज्ञान अशा परिसरातील घराघरांत पुस्तकावाचून पोचलेले असते. अशा ठिकाणी संगणकावरील खेळाचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु जगात सर्वाधिक विकल्या गेलेल्या संगणकीय खेळात ऊस आहे, साखरही आहे. आणि साखर कशी तयार होते याविषयी तो खेळ जे सांगतो ते ऊसकरी शेतकऱ्याच्या मुलाला पटणारे नाही. विशेष हे की, न पटलेली गोष्ट बदलण्याची सोय त्या खेळातच ठेवलेली आहे. या बदलाला ‘मॉड’ म्हणतात. मॉड कसा घडवावा आणि तो इतरांना कोणत्या नियमांनी द्यावा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

खेळाचे स्वरूप

दिवाळीच्या सुटीत महाराष्ट्रातील मुले अंगणात माती कालवून किल्ला बांधतात. बुरूज कोठे, विहीर कोठे, मावळे किती, हे त्यांचे तेच ठरवितात. या खेळात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. रचना हाच आनंद असतो. संगणकावरील ‘सँडबॉक्स’ खेळांची जात हीच. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध खेळ ‘माइनक्राफ्ट’. स्वीडनमध्ये २००९ साली तो प्रथम लोकांपुढे आला आणि २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो निर्माण करणारी ‘मोजांग’ ही संस्था अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. ऑक्टोबर २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे जाहीर झाले. माती, दगड, लाकूड, पाणी यांचे चौकोनी ठोकळे रचून खेळणाऱ्याने आपले जग उभारावयाचे, एवढीच त्याची कल्पना आहे.

या जगात ऊस पाण्याच्या कडेलाच रुजतो आणि तीन ठोकळ्यांइतका उंच वाढतो. बुडखा राखून वरचा भाग तोडला तर तो पुन्हा फुटतो. शहाद्याचा शेतकरी त्याला खोडवाच म्हणेल. इथवर ठीक आहे. परंतु पुढे त्या खेळात एका उसाची एक साखर होते. ना गव्हाण, ना गाळप, ना मळी, ना चिपाड.

वस्तुस्थिती निराळी आहे. शंभर किलो उसापासून साखर मिळते ती सर्वसाधारणपणे दहा ते अकरा किलो. अठ्ठावीस ते तीस किलो चिपाड निघते, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. चार किलोंच्या आसपास मळी मिळते. उरलेला मोठा भाग पाण्याचा असतो. बगॅस बॉयलरमध्ये जळते, त्या वाफेवर कारखाना चालतो आणि वीजही निर्माण होते. मळीपासून मद्यार्क बनतो. म्हणजे साखर कारखाना हा केवळ साखरेचा नसतो, आणि शेतकऱ्याच्या उसाचा हिशेब केवळ साखरेवर संपत नाही. खेळ बनविणाऱ्यांना हे सर्व दाखविण्याचे कारण नव्हते. ज्याला ते दाखवावेसे वाटते त्याने ते त्यात घालावे.

भर घालण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी अगदी सोपी आहे. २०१८ मध्ये या खेळाची १.१३ क्रमांकाची आवृत्ती आली. तेव्हापासून संगणकावरील जावा आवृत्तीत कोणत्या वस्तूंपासून कोणती वस्तू बनते, हे साध्या मजकुराच्या छोट्या फाईलीत लिहून बदलता येते. वस्तू बनविण्याचे चौकट-पत्रक तीन बाय तीन, म्हणजे नऊ घरांचे असते. या नऊही घरांत ऊस ठेवावा आणि त्यातून एकच साखर निघावी, असा नियम लिहिता येतो. नऊला एक म्हणजे शेकडा अकरा. वजनाच्या जागी नग धरला तर खऱ्या उताऱ्याच्या बरेच जवळ. सातवी-आठवीतील विद्यार्थी दोन-तीन दिवसांच्या प्रयत्नाने हे करू शकेल. पहिल्या वेळी स्वल्पविराम चुकेल आणि फाईल चालणार नाही. चूक शोधून काढणे हाच शिक्षणाचा मोठा भाग आहे.

येथेच दुसरा प्रश्न उभा राहतो. या फाईलीतून साखर मिळाली. चिपाड आणि मळी कोठे गेली? एका नियमातून निघणारी वस्तू एकच असते. शिवाय चिपाड नावाची वस्तू त्या जगात मुळात नाहीच. तिच्यासाठी नवी वस्तू निर्माण करावी लागते, तिचे चित्र काढावे लागते, आणि ऊस घेऊन तीन पदार्थ देणारे चरकाचे यंत्र प्रोग्रॅम लिहून उभारावे लागते. खऱ्या अर्थाने मॉड म्हणतात तो हा. पहिल्या पायरीवर मुलाने हिशेब केला. दुसऱ्या पायरीवर तो कारखान्याची मांडणी करू लागतो.

माइनक्राफ्ट विकत घ्यावा लागतो आणि त्याच्या मॉडसाठी जावा ही संगणकीय भाषा शिकावी लागते. ज्या शाळेला हा खर्च झेपणार नाही तिच्यासाठी दुसरा मार्ग आहे. फिनलंडमध्ये २०१० साली ‘माइनटेस्ट’ नावाने असाच ठोकळ्यांचा एक प्रकल्प सुरू झाला; ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे नाव ‘लुआंटी’ झाले. तो विनामूल्य आहे, त्याची मूळ संहिता खुली आहे आणि बऱ्याच जुन्या संगणकांवरही तो चालतो. त्यातील मॉड ‘लुआ’ भाषेत लिहितात. ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या विद्यापीठात जन्मली. लुआंटीचा मॉड म्हणजे एक फोल्डर. त्यात नाव-माहितीची एक छोटी फाईल, प्रोग्रॅमची एक फाईल आणि चित्रांचा एक उपविभाग असतो. एका चित्राला उभे-आडवे सोळा-सोळा ठिपके पुरतात. भाषांतरासाठी वेगळी जागा असते. त्यामुळे ‘खोडवा’, ‘मळी’, ‘गव्हाण’ हे शब्द भाषांतरात घालता येतात.

वाटपाचे उपविधी

मॉड घडविणे हे अर्धे काम झाले. तो इतरांच्या हाती देणे हे उरलेले अर्धे, आणि अनुभव असा की अडचणी येथेच अधिक येतात. पुरुषोत्तमनगरच्या परिसराला त्या समजावयास वेळ लागू नये, कारण त्या सहकाराच्याच अडचणी आहेत. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, तेव्हा यंत्रांइतकेच महत्त्व सभासदत्वाच्या नियमांना होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. प्रत्येक संस्थेला स्वतःचे उपविधी असावे लागतात. कोणाचा भाग किती, कोणाचा हक्क कोणता, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर चांगल्या काळात कोणाच्या लक्षात येत नाही. वाद निर्माण झाला की संस्थाच थांबते.

मॉडच्या जगात असे प्रत्यक्ष घडले आहे. ‘बुक्किट’ या नावाचा एक सामूहिक प्रकल्प होता. अनेकांनी एकत्र खेळण्यासाठी जे सर्व्हर चालवितात, त्यांना नवनव्या सोयी जोडून देण्याचे काम तो करीत असे आणि असंख्य सर्व्हर त्यावर अवलंबून होते. अनेक स्वयंसेवकांनी त्यात आपली संहिता घातली होती. ही संहिता खुल्या परवान्याखाली होती. ती जिच्याशी जोडली होती ती मूळ खेळाची संहिता मात्र खुली नव्हती. २०१४ मध्ये प्रकल्पाची मालकी कोणाची हा प्रश्न उपस्थित झाला. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये एका योगदात्याने स्वामित्वहक्काच्या कायद्याचा आधार घेऊन हरकत नोंदविली आणि वितरण बंद पडले. सर्वांनी मिळून उभारलेली वस्तू एका रात्रीत कोणालाच देता येईना. कष्ट कमी पडले नव्हते. करार स्पष्ट नव्हता.

म्हणून मॉडसोबत परवाना लिहिणे हे पहिले कर्तव्य होय. इतरांनी तो वापरावा काय, बदलावा काय, बदललेला पुढे द्यावा काय, मूळ कर्त्याचे नाव राखावे काय, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असतात. लुआंटीच्या सामाईक भांडारात परवाना नोंदविल्याखेरीज मॉड ठेवता येत नाही. माइनक्राफ्टच्या अटींनुसार खेळणाऱ्याने स्वतः लिहिलेला मॉड त्याचा असतो आणि तो इतरांस देता येतो. परंतु मूळ खेळच बदलून वाटण्यास मनाई आहे. दुसऱ्याने काढलेले चित्र त्याच्या अनुमतीवाचून आपल्या मॉडमध्ये घालणे म्हणजे शेजाऱ्याच्या फडातील ऊस आपल्या नावाने काट्यावर नेण्यासारखे आहे.

दुसरे कर्तव्य तपासणीचे. जून २०२३ मध्ये काही मॉडकर्त्यांची खाती बळकावून, संगणकात शिरून संकेतशब्द चोरणारा प्रोग्रॅम मॉडच्या रूपाने पसरविला गेल्याचे उघडकीस आले. लोकांनी ओळखीच्या नावावर विश्वास ठेवला आणि ते फसले. त्यामुळे मॉड घेताना अधिकृत भांडारातूनच घ्यावा, शाळेच्या मुख्य संगणकाऐवजी वेगळ्या संगणकावर आधी चालवून पाहावा. आणि देताना स्वतःचे खाते सुरक्षित राखावे. मुलांनी आपले खरे नाव, गाव, दूरध्वनी क्रमांक कोठेही लिहू नये, याची काळजी पालक-शिक्षकांनी घ्यावी. खेळाचे तास ठरवून देणे हेही त्यांचेच काम.

तिसरे कर्तव्य देखभालीचे. वाटल्याने ऊस संपतो, मॉड संपत नाही. हा त्याचा मोठा गुण. परंतु मूळ खेळाची नवी आवृत्ती आली की जुना मॉड अडखळतो. हंगाम संपल्यावर कारखान्याची यंत्रे उघडून, झिजलेले भाग बदलून ती पुन्हा जोडावी लागतात, तसेच हे आहे. एकट्या कर्त्याला ते झेपत नाही. परवाना खुला असेल तर दुसरा विद्यार्थी ते काम उचलू शकतो, आणि पहिल्याने गाव सोडले तरी त्याचे काम थांबत नाही.

कर्तेपणाकडे

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक याच शहादा तालुक्यातील टेंभली गावी वितरित झाले. संगणकयुगाने या भूमीची दखल प्रथम घेतली, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु क्रमांक मिळणे निराळे आणि संगणकाकडून आपल्या मनासारखे काम करवून घेणे निराळे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. इतरत्र तयार झालेले येथे यावे आणि येथील मुलांनी ते केवळ वापरावे, हाच क्रम पुढे चालू राहावयाचा काय, हा खरा प्रश्न आहे. सारंगखेड्याचा घोडेबाजार, प्रकाशे येथील तापीकाठची मंदिरे, सातपुड्यातील होळी यांपैकी काहीही परदेशातील खेळकर्त्याला माहीत असण्याचे कारण नाही. ज्याला ते माहीत आहे त्यानेच ते मांडावयाचे आहे.

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहावयास नको. एका शाळेच्या संगणक कक्षात चार विद्यार्थी आणि एक उत्साही शिक्षक पुरेसे आहेत. एकाने हिशेब पाहावा, एकाने चित्रे काढावीत, एकाने प्रोग्रॅम लिहावा, एकाने मराठी शब्द तपासावेत. शंका आली तर घरी जाऊन वडिलांना उतारा विचारावा, आजोबांना गुऱ्हाळाची रीत विचारावी. ते या विषयातील जाणकार आहेत. गळीत हंगामाच्या आरंभी गव्हाणीत पहिली मोळी टाकली जाते, तेव्हा ती कोणा एकाची राहत नाही. आपल्या कामाला परवान्याचा कागद जोडून ते सर्वांच्या हाती देणाऱ्या विद्यार्थ्यालाही सहकाराचा हाच पहिला पाठ मिळेल.