शीड भरतं खाऱ्या वाऱ्यानं

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. घरची लग्नकार्यं आटोपली, की अनेक कुटुंबं मित्रमंडळींसह कोकण गाठतात. तिथं मुरूडजवळच्या राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाच्या होडीनं जरूर जा. तांडेल शीड उलगडतो, ते वाऱ्यानं टम्म फुगतं आणि होडी एका अंगाला कलून पाणी कापू लागते.

दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा किनाऱ्याकडे धावते. हेच खारे वारे. दुपारी ते जोर धरतात. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून मतलई वारे समुद्राकडे वाहतात. शेकडो किलोमीटर आत असलेल्या वर्ध्यापर्यंत खाऱ्या वाऱ्यांचा गारवा पोचत नाही.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. जंजिऱ्याला निघण्याआधी ती धक्क्यावर विचारून घ्या. लेकरांना लाईफ जॅकेट घाला. किल्ल्याच्या दाराशी होडी हेलकावते, तिथं आजी-आजोबांना हात देऊन उतरवा. पावसाळ्यात या होड्या बंद असतात, तेव्हा बेत मे संपण्याआधीच आखा.