शुल्क कुणी भरलं?



अध्यक्षीय भाषणात जागतिक अर्थव्यवस्थेचा आढावा घ्यायची आपल्या परिषदेची प्रथा आहे. ती मी आज मोडतो आहे. आढावे आपण सगळे वाचत असतो, आणि पुढच्या परिषदेपर्यंत ते शिळेही होतात. मला बोलायचं आहे ते आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्रातल्या शोधनिबंधाचा विषय निवडण्याबद्दल. आपलं बरंचसं संशोधन आकडेमोडीत कमी पडतं असं मला वाटत नाही. ते विषय ठरतो त्या दिवशीच फसलेलं असतं.

‘भारताचा परकीय व्यापार : एक अभ्यास’, ‘कृषी निर्यात : समस्या व उपाय’, ‘जागतिकीकरण आणि भारतीय अर्थव्यवस्था : एक चिकित्सक अध्ययन’. अशी शीर्षकं आपल्या परिचयाची आहेत. शब्द थोडे इकडेतिकडे करून ती वर्षानुवर्षं येत राहतात. त्यात चूक काढता येत नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. ‘समस्या व उपाय’ या मथळ्याखाली काय लिहिलं म्हणजे ते खोटं ठरेल? काहीच नाही. समस्या असतातच आणि उपाय सुचवता येतातच. निबंधाला लागतो तो प्रश्न, ज्याची किमान दोन उत्तरं शक्य आहेत आणि ज्यातलं एक लिहिणाऱ्याला न आवडणारं असू शकतं.

आपल्या परंपरेत याचा चांगला नमुना शंभर वर्षांपूर्वीचा आहे. केन्स यांनी 1913 च्या पुस्तकात भारतातल्या सुवर्ण विनिमय परिमाणाची भलामण केली होती. काही वर्षांनी लंडनमध्ये प्रबंध लिहिणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी त्यावरच बोट ठेवलं. रुपयाचा बाहेरचा दर स्थिर राहिला म्हणून देशातली त्याची क्रयशक्ती स्थिर राहते का, हा त्यांचा प्रश्न. राहत नाही, कारण सरकारला वाटेल तितके रुपये पाडायची मोकळीक मिळते, हे त्यांचं उत्तर. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ 1923 साली ग्रंथरूपानं निघाला, तेव्हा मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेतच आपले मतभेद नोंदवले. मार्गदर्शकाला न पटणारा प्रबंध, आणि तरी त्याचीच प्रस्तावना! ‘भारतीय चलनव्यवस्था : एक अभ्यास’ असं काही लिहिलं असतं तर मतभेद व्हायला जागाच नव्हती. (आज आपल्याकडे मार्गदर्शकाशी असहमत होण्याची मुभा कितीजणांना आहे, हा प्रश्न मी चहाच्या वेळेसाठी राखून ठेवतो.)

आता आपल्या दारातला विषय घेऊ. कांदा.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य आलं. 8 डिसेंबरपासून सरसकट बंदी. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क लागू झालं. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही संपलं. दोन वर्षांच्या आत एकाच मालावर शुल्क, किमान मूल्य आणि बंदी ही तिन्ही हत्यारं चालवून झाली. व्यापारधोरणाच्या अभ्यासकाला याहून काय हवं?

तरीही यावरचे आपले बहुतेक निबंध एकाच ठिकाणी जाऊन थांबतात. बंदीआधीचा लासलगावचा भाव, बंदीनंतरचा भाव, दोन्हींतला फरक, म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान. भावनेला पटतं, पण हिशेब चुकतो. सरकार बंदी घालतं ते भाव चढलेले असताना. डिसेंबरात लाल कांद्याची आवक वाढते, पाठोपाठ रांगडा येतो. बंदी नसती तरी भाव काही प्रमाणात उतरलेच असते. मग बंदीनं किती पाडले आणि आवकेनं किती? शिवाय व्यापारी अधिसूचनेची वाट बघत बसत नाहीत. दिल्लीत कुजबुज सुरू झाली की इथल्या लिलावातली बोली बदलते. म्हणजे ‘आधीचा’ भावही पुरता आधीचा नसतो. आणखी एक पेच असा की ऑगस्ट 2023 मध्ये शुल्काच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातले लिलावच बंद पडले. जे दिवस आपल्याला सगळ्यात जास्त हवेत, नेमक्या त्याच दिवसांच्या रकान्यात आकडा नाही.

मग तुलना कशाशी करायची? एक धागा दिसतो. सप्टेंबर 2023 च्या अखेरीस ‘बंगळुरू रोझ’ जातीच्या कांद्याला त्या 40 टक्के शुल्कातून सूट मिळाली. देश तोच, हंगामाचा काळ तोच, एका कांद्यावर शुल्क आणि दुसऱ्यावर नाही. विद्यार्थी इथे खूश होतो. त्याला लगेच सांगायला हवं की हा लहानसा, तिखट कांदा मुख्यतः परदेशात जाण्यासाठीच पिकतो, देशी स्वयंपाकघरात त्याला फारशी मागणी नाही. त्यामुळे तुलना वाटते तितकी सरळ नाही. पण आता निदान वाद घालण्याजोगं काहीतरी हाती आलं.

खरा प्रश्न याच्याही पुढे आहे. निर्यातशुल्क कुणी भरलं, लासलगावच्या शेतकऱ्यानं की ढाक्याच्या गिऱ्हाइकानं? बांगलादेश आपल्या कांद्याचा मोठा ग्राहक. डिसेंबर 2023 च्या बंदीनंतर ढाक्यातले भाव एका रात्रीत भडकले होते. एखाद्या बाजारपेठेत आपण एवढे मोठे पुरवठादार असलो की शुल्काचा काही भार परक्या ग्राहकावर ढकलता येतो, हे आपण दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शिकवतो. निर्यातीवरचा कर आणि आयातीवरचा कर परिणामात सारखेच, हे अब्बा लर्नर यांनी 1936 साली दाखवलं तेही शिकवतो. मात्र कांद्यावर लिहायला बसलो की हे सारं वर्गातच राहतं आणि आपण शेतकऱ्याचे वकील होतो. वकिली जरूर करावी, पण आधी मोजून. कदाचित असं निघेल की पहिल्या महिन्यात बराच भार ढाक्यानं उचलला. आणि वर्ष-दोन वर्षांनी, पाकिस्तान, चीन आणि खुद्द बांगलादेशातला शेतकरी त्या बाजारात पाय रोवू लागल्यावर, तो सगळा नाशिककडे सरकला. अल्पकाळात धोरणकर्ते बरोबर आणि दीर्घकाळात शेतकरी बरोबर, असं उत्तर आलं तर ते कुठल्याच मोर्चाच्या फलकावर बसणार नाही. मला तरी ते वाचायला आवडेल.

हाच प्रश्न अमेरिकेबद्दल विचारला गेला आहे. 2018 मध्ये ट्रम्प प्रशासनानं लावलेल्या आयातशुल्कांचा भार कुणावर पडला, हे मेरी अमिती, स्टीफन रेडिंग आणि डेव्हिड वाइनस्टाइन यांनी तपासलं. परक्या विक्रेत्यांनी दर जवळजवळ उतरवलेच नाहीत. भार अमेरिकी आयातदार आणि ग्राहकांवरच आला. अमेरिका एवढी मोठी ग्राहक असल्यानं निदान काही भार बाहेर जाईल, ही पाठ्यपुस्तकातली अपेक्षा होती. ती फसली, म्हणून निबंध वाचला गेला. 2025 मध्ये भारतीय मालावर अमेरिकेनं 50 टक्क्यांपर्यंत शुल्क लावल्यापासून ‘ट्रम्प शुल्क आणि भारत’ या विषयाचं पीक आलं आहे. माझा सल्ला असा की वर्तमानपत्राचा वेग धरू नका, त्या शर्यतीत प्राध्यापक हरतो. सोलापूरचा टेरी टॉवेल घ्या. शुल्क आल्यावर कारखानदारानं अमेरिकी खरेदीदाराला दरात किती सूट दिली, ते त्याच्या बिलांवरून शोधा. तो तुम्हाला बिलं दाखवेल, कारण तुम्ही सोलापूरचे आहात. न्यूयॉर्कच्या संशोधकाला नाही दाखवणार.

जगभरचा मोठा प्रश्न आणि हाताशी असलेली बारीक सामग्री यांची गाठ पडली की विषय जमतो. डेव्ह डोनाल्डसन यांना ब्रिटिशकालीन रेल्वेनं वाहतूकखर्च किती घटवला हे मोजायचं होतं. त्यांनी मीठ धरलं. सरकारी नोंदींमध्ये मीठ कुठून आलं हे त्याच्या नावासकट असे, आणि ते ठरावीक जागीच तयार होई. उगमापाशी एक भाव, दूरच्या बाजारात दुसरा. मधला फरक म्हणजे वाहतुकीचा खर्च. केवढं साधं, आणि केवढं अवघड सुचायला!

कापसाचं तर आपल्याच वऱ्हाडाशी नातं आहे. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवी युद्धात लँकेशायरचा कापूस तुटला आणि हिंदी कापसाला सोन्याचे दिवस आले, हे मुंबईच्या इतिहासात आपण वाचतो. वॉकर हॅनलन यांनी इंग्लंडच्या बाजूनं पाहिलं. आखूड धाग्याचा, कचरा असलेला हा माल वापरायची वेळ आल्यावर तिथल्या कारागिरांनी त्याच्यासाठी यंत्रं सुधारली, आणि अमेरिकी कापसाच्या तुलनेत घसरलेली हिंदी कापसाची किंमत पुन्हा सावरली. ही पलीकडची बाजू झाली. अलीकडची बाजू कुणी लिहायची? 1875 साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, सुरुवात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावातून. कापसाच्या तेजी-मंदीचा त्यांच्याशी संबंध जोडला जातो. पण कापसाचा मुख्य पट्टा वऱ्हाड-खानदेशात, आणि खतं-दस्त जाळले गेले भीमथडीत. मग तो धक्का पिकातून आला, की मुंबईच्या पतबाजारातून सावकाराच्या वहीत उतरला? पतपुरवठ्यातून परकीय धक्का कसा पसरतो हा आजही जगभर चर्चेत असलेला प्रश्न आहे, आणि त्याची सामग्री मोडी लिपीत पडून आहे. ती वाचणारे अर्थशास्त्रज्ञ किती उरलेत, हे मी सांगायला नको.

पद्धतीबद्दल थोडंच बोलतो. टिनबर्गेन यांनी 1962 मध्ये पुढे आणलेलं गुरुत्वाकर्षण प्रतिमान उपयोगाचं आहे, त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार अशी की आता ते विषयाच्या जागी बसलं आहे. दोन देशांची राष्ट्रीय उत्पन्नं, मधलं अंतर, एक समीकरण, आणि ‘निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे आले’. अपेक्षेप्रमाणेच यायचे होते तर शोधलं काय? अंतराचाच प्रश्न जेम्स फेरर यांनी कसा सोडवला ते बघा. सुएझ कालवा 1967 ते 1975 बंद होता. मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या जहाजाला केपचा वळसा पडला, बंदरं तिथेच राहिली आणि सागरी अंतर मात्र वाढलं. व्यापार किती घटला ते मोजता आलं. 2023 च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे न्हावाशेव्याहून युरोपला जाणारी बरीच जहाजं पुन्हा केपला वळसा घालू लागली. नाशिकचं द्राक्ष आणि भिवंडीचं कापड यांत तो वळसा कुणाला जास्त नडला? द्राक्षाला, असं आपण चटकन म्हणू. पण वातानुकूलित कंटेनरमधला माल जास्त भाडं देऊन आधी जागा पटकावतो, हेही लक्षात घ्या.

आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा, हाही स्वतंत्र विषय होतो. एका देशाची निर्यात म्हणजे दुसऱ्याची आयात. दोन्ही आकडे जुळायला हवेत आणि जुळत नाहीत. जगदीश भगवती यांनी 1964 मध्ये तुर्कस्तानच्या आयातीत याच तफावतीतून कमी किमतीची बिलं हुडकली. पुढे फिसमन आणि वेई यांनी हाँगकाँगची निर्यात आणि चीनची आयात ताडून पाहिली. जिथे कर जास्त, तिथे माल जास्त ‘गायब’. आपल्यापैकी बरेचजण अशी तफावत दिसली की तळटीप टाकून पुढे जातात. त्या तळटिपेत एखादा निबंध पडलेला असतो.

गोव्याच्या मित्रांना एक सुचवतो. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि चीनकडे जाणारं कमी प्रतीचं लोहखनिज अचानक आटलं. ट्रक, बार्ज, बँकांची कर्जं, डिचोली-सांगेची बाजारपेठ यांवर तुमच्याइतकं जवळून कुणी लिहू शकणार नाही. पर्यावरण की रोजगार या वादात निबंधाला ओढू नका. निर्यात थांबल्यावर तिथल्या श्रमिकांचं वेतन कुठल्या वाटेनं बदललं, एवढंच विचारा.

आता कार्यालयीन बाब. पीएचडीच्या नोंदणीलाच शीर्षक पक्कं करावं लागतं, प्रश्न मात्र दोन वर्षांनी सापडतो. यावर सरळ मार्ग नसला तरी मधला आहे. समितीपुढे शीर्षक ऐसपैस ठेवा, वहीत प्रश्न अरुंद ठेवा. मार्गदर्शकांना विनंती अशी की विद्यार्थी वर्षभरानं येऊन ‘सर, हा प्रश्न चुकीचा निघाला’ म्हणाला तर त्याला प्रगती अहवालात उणे गुण देऊ नका.

पहिल्या सत्रातला पहिला निबंध द्राक्षांच्या युरोपीय निर्यातीवर आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात नाकारली गेली. त्यानंतरच्या कडक तपासणीनं छोटा बागायतदार निर्यातीतून बाहेर फेकला गेला, असं लेखिकेचं म्हणणं आहे. मला ते पूर्णपणे पटलेलं नाही. तपासणीचा खर्च गटानं वाटून घेणारे छोटे बागायतदार कदाचित टिकले असतील, आणि लेखिकेच्या तक्त्यात ते वेगळे दाखवलेले नाहीत. त्यांना मी हे विचारणार आहे, तेव्हा आता व्यासपीठावरून उतरून समोरच्या रांगेत बसतो.