उसना डोळा

गटात एकीची शिलाई मशीन बंद पडली, तर दुसरी आपली देते ना? देशही तसं करतात. जपानचा हवामान उपग्रह जुना झाला होता. त्याच्या जागी पाठवलेला नवा १९९९ साली उड्डाणातच गेला. वादळं काही थांबत नाहीत! मग २००३ साली अमेरिकेने आपला राखीव उपग्रह दिला. २००५पर्यंत त्यानेच तिथलं आभाळ राखलं.

हे आयत्या वेळचं नव्हतं. अमेरिका, जपान, युरोप यांनी १९७२ सालीच गट बांधला होता. पुढे भारतही आला. कारण एका उपग्रहाला सगळी पृथ्वी दिसत नाही. आणि हवामान बदलतंय का, हे कळायला वर्षानुवर्षांची सलग नोंद लागते. वहीतली मधली पानं कोरी राहिली, तर हिशेब कसा लागणार?