रिकाम्या गाडीचा अ‍ॅव्हरेज

(वसंत व्याख्यानमालेत जुन्नर तालुक्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संतसाहित्य, शिवकाल, मधुमेह आणि शेअर बाजार यांच्या रांगेत पिकअप गाडीच्या डिझेलला एक संध्याकाळ दिल्याबद्दल संयोजकांचे आभार मानतो. या तालुक्यात हा विषय कुणाला परका नाही. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो उचलायचा, ओतूरवरून माळशेज उतरायचा, मुरबाड-कल्याण मागे टाकून पहाटेच्या आत वाशीला पोचायचं, हे इथल्या किती घरांचं पोट आहे ते मी सांगायला नको.

पिकअप घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये, गॅरेजात आणि चहाच्या टपरीवर एकच प्रश्न विचारतो: अ‍ॅव्हरेज किती देते? माझं म्हणणं असं की, मालवाहू गाडीच्या बाबतीत हा प्रश्न अर्धवट आहे. त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर रिकामी गाडी देते, आणि रिकामी गाडी पळवण्याइतकी डिझेलची नासाडी दुसरी नाही. हे पटवून द्यायचं तर आधी डिझेल जातं कुठे ते बघायला हवं.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली बरीचशी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. इंजिन, गिअरबॉक्स, जॉइंट, डिफरन्शियल असं करत चाकापर्यंत पोचतात ते साधारण १० मेगाज्यूल. आपण अर्धा टन कमी धरा किंवा जास्त, इंजिन नवं धरा किंवा जुनं, हा हिशेब फार हलत नाही. आपल्या हातात आहे ते या १० मेगाज्यूलचं काय करायचं, एवढंच. त्यांना मागणारे चौघे: टायर, वारा, चढ आणि ब्रेक.

टायरपासून सुरुवात करू. मालासकट ३ टन भरणारी गाडी सपाट डांबरी रस्त्यावर नुसती चालती ठेवायला, चांगले रेडियल टायर असतील तर, वजनाच्या सुमारे १ टक्का जोर लागतो. म्हणजे ३० किलोचा जोर, सतत. नायलॉन टायर असेल तर जास्त. हवा कमी असेल तर आणखी जास्त, कारण प्रत्येक फेऱ्याला टायर दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात ऊर्जा गरम होऊन जाते. हवा थंड टायरमध्ये, निघण्यापूर्वी बघायची. वीस किलोमीटर पळवून पंपावर थांबून बघितलेल्या हवेला अर्थ नसतो, तापलेल्या टायरचा काटा वरच दिसणार. आणि पुढच्या-मागच्या चाकांची हवा एकसारखी नसते. भरलेल्या गाडीला मागे किती हवी, ते कंपनीने पुस्तकात किंवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

टायरचाच भाऊ म्हणजे चिकटलेला ब्रेक. याची परीक्षा फुकट आहे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक फारसा न लावता दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, सपाटीला हळूहळू थांबू द्या आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, भाजेल. तीन चाकं कोमट आणि एक कढत लागलं तर त्या चाकाचा लायनर ड्रमला घासतोय आणि तुमचं डिझेल तिथे जळतंय. मेकॅनिकला सांगायला एवढं निदान पुरेसं आहे.

दुसरा दावेदार वारा. तो दिसत नाही म्हणून त्याचा खर्च कुणी धरत नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरला पिकअपला वारा सुमारे २५ किलोच्या जोराने मागे ढकलत असेल, तर ८०ला तो ४५ किलोंच्या घरात जातो. टायरचे ३० त्यात मिळवा: ६०ला एकूण ५५, ८०ला ७५. सपाट मोकळ्या रस्त्यावर ६० किलोमीटरचा टप्पा धरला तर ६०च्या वेगाने सव्वातीन लिटर लागतं, ८०च्या वेगाने जवळजवळ साडेचार. वेळ वाचला पंधरा मिनिटं, डिझेल गेलं लिटरभराहून जास्त. वाशीच्या गेटवर रांगेतच उभं राहायचं असेल तर ही पंधरा मिनिटं कुणाच्या कामाची? पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, म्हणजे पीसीआरए, वर्षानुवर्षं ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सांगत आली आहे, त्यामागे हेच गणित आहे.

वेगाइतकंच महत्त्व मालाच्या उंचीला आहे. क्रेट केबिनच्या वर एक फूट गेले की वाऱ्यापुढे जवळजवळ अर्धा चौरस मीटर भिंत वाढते. म्हणून जागा असेल तर माल पसरून खाली भरायचा, वर जायचाच असेल तर पुढचा थर मागच्यापेक्षा बुटका ठेवायचा आणि ताडपत्री दोरीने कसून बांधायची. फडफडणारी ताडपत्री हा वाऱ्याशी चाललेला तुमच्या खर्चाचा झगडा आहे.

इथे एका समजुतीबद्दल बोलतो. रिकाम्या गाडीचा मागचा फाळका पाडून चाललं की वारा सरळ निघून जातो आणि डिझेल वाचतं, असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेत पिकअप घरोघरी असल्यामुळे तिथे यावर भरपूर मोजमाप झालंय. दूरचित्रवाणीवरच्या ‘मिथबस्टर्स’ कार्यक्रमानेही दोन सारख्या गाड्या पळवून ते करून पाहिलं होतं. निष्कर्ष उलटा निघाला. फाळका लावलेला असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत पुढे जाते. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो. त्या गाड्यांची ठेवण आपल्यापेक्षा वेगळी आहे हे खरं, पण फाळका पाडून फायदा होतो असं मानायला काही आधार नाही. फाळका लावा आणि निर्धास्त चला.

आता चढ, म्हणजे आपला घाट. ३ टनांची गाडी ५०० मीटर वर न्यायची तर चाकापाशी १४ ते १५ मेगाज्यूल लागतात, म्हणजे दीड लिटर डिझेल, तेही फक्त उंचीसाठी. तीच गाडी रिकामी, १,७०० किलोंची असेल, तर लिटरच्या आत भागतं. इथे निसर्गाने जुन्नरच्या शेतकऱ्याला एक सवलत दिलेली आहे. देशावरचा भाजीपाला मुंबईला नेताना गाडी घाट भरलेली उतरते आणि परतताना रिकामी चढते. न्हावाशेव्याहून देशावर माल आणणाऱ्या गाडीवाल्याला याच्या बरोबर उलटं करावं लागतं. दोघांच्या अ‍ॅव्हरेजची तुलना करून एकाला शहाणा आणि दुसऱ्याला अडाणी ठरवणं म्हणूनच चुकीचं.

पण ही सवलत आपण कशी उधळतो? उतारावर न्यूट्रल मारून. गाडी आपोआप पळतेय, मग इंजिनला कशाला डिझेल पाजा, असा हा विचार. वस्तुस्थिती अशी की, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच, तासाला अर्धा ते पाऊण लिटर. उलट गाडी गिअरमध्ये असेल आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला असेल, तर चाकंच इंजिनला फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो. इंजेक्टरमधून थेंब पडत नाही. नव्या सीआरडीआय इंजिनात हे काम संगणक करतो, जुन्या पंपात गव्हर्नर करायचा. म्हणजे गिअरमध्ये उतरताना खर्च शून्य आणि न्यूट्रलमध्ये उतरताना पाव लिटर.

हा झाला पैशांचा भाग. जिवाचा भाग वेगळा आहे. घाटाच्या माथ्यावर गाडीत साठलेली उंचीची ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. टायर आणि वारा काही खातात. उरलेली एकट्या ब्रेकने खायची म्हटली तर पायथ्यापर्यंत वीस-पंचवीस लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता ड्रममध्ये उतरते. मग लायनर जळका वास मारतात आणि पॅडल दाबूनही गाडी धरत नाही. चढायला जो गिअर लागतो, तोच उतरायला, हे जुन्या चालकांचं सूत्र डिझेल आणि जीव दोन्ही राखतं.

चौथा दावेदार ब्रेक. भरलेली गाडी शून्यापासून ६०पर्यंत न्यायला सुमारे ४० मिलिलिटर डिझेल जातं. ब्रेक दाबला की ते गेलं. गावातून, नाक्यांवरून जाताना अशी पंचवीस वेळा उभी केलेली गाडी एक लिटर पिते आणि किलोमीटर तेवढेच राहतात. पुढे बैलगाडी, शाळेची मुलं किंवा गतिरोधक दिसला की दोनशे पावलं आधी पाय काढणारा चालक आणि शेवटच्या क्षणी ब्रेक मारणारा चालक, यांच्यात एकाच गाडीवर एक-दीड किलोमीटरचा फरक सहज पडतो. मालक मंडळींनी इंजेक्टर बदलण्याआधी चालकाशेजारी बसून एक खेप करावी. बाजारात गाडी उभी करून इंजिन तसंच फुरफुरत ठेवायची सवय असेल तर तीही तेव्हाच दिसेल.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. इंजिन फार ताणू नका आणि मोठ्या गिअरमध्ये घुसमटवूही नका, मधल्या फेऱ्यांत ते सगळ्यात कमी पितं. डिझेल इंजिनात एअर फिल्टर तुंबला की काळा धूर येतो, आणि काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांत काजळी धरणारा डीपीएफ असतो. तो साफ व्हायला अधूनमधून जादा डिझेल जाळतो, आणि गाडी दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्याच फेऱ्या मारत असेल तर हे वरचेवर होतं. त्या गाडीला मधूनमधून लांबची, सलग खेप द्या. टाकीत टाकायच्या गोळ्या आणि पाइपवर बसवायची चुंबकं यांबद्दल एवढंच सांगतो: अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून जास्त साधनं तपासली आणि अ‍ॅव्हरेज ठळकपणे वाढवणारं एकही तिला आढळलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. बाजाराचा क्रेट २० किलोंचा. १,३०० किलो म्हणजे ६५ क्रेट. जाऊन-येऊन ३२० किलोमीटर धरा. भरलेली गाडी १२ देते आणि रिकामी १५, असंही धरा. जाताना १३.३ लिटर, येताना १०.७, एकूण २४ लिटर. अ‍ॅव्हरेज १३.३, क्रेटमागे ३७० मिलिलिटर.

दुसऱ्या दिवशी गाडी ४० क्रेट घेऊन गेली. हलकी होती म्हणून जाताना १३ दिला. एकूण २३ लिटर लागले. अ‍ॅव्हरेज सुधारून १३.९ झाला. मालक खूश. पण क्रेटमागे डिझेल ५७५ मिलिलिटर, म्हणजे दीडपटीहून जास्त.

तिसऱ्या दिवशी ६५ क्रेट नेले आणि परतताना खताचा किंवा किराण्याचा एक टन माल मिळाला. घाट भरल्या गाडीने चढावा लागला, अ‍ॅव्हरेज पडून १२ झाला, डिझेल २६.७ लिटर गेलं. टपरीवर सांगायला आकडा सगळ्यात वाईट. आणि प्रत्येक २० किलोंमागे डिझेल? २३० मिलिलिटर. तिन्ही दिवसांत सगळ्यात कमी.

इथे कुणीतरी मनात म्हणत असेल, मग पासिंगपेक्षा जास्तच भरू, क्रेटमागे आणखी स्वस्त पडेल. कागदावर तसं दिसतं. पण जादा भार पकडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे दंड २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. पाटे, बेअरिंग, टायर आणि क्लच प्लेट यांची बिलं वेगळी. ब्रेक कंपनीने पासिंगच्या वजनापुरतेच दिलेले असतात, माळशेजच्या उताराला ते माहीत असतं. हौदा पूर्ण भरणं आणि हौद्याबाहेर भरणं यांत गल्लत करू नका.

सांगायचं ते एवढंच की, चालकाचा पाय, टायरची हवा, ताडपत्रीची दोरी यांतून शेकडा दहा-पंधरा वाचतात आणि ते वाचवलेच पाहिजेत. परतीच्या रिकाम्या हौद्यात त्याहून कितीतरी जास्त जातं, आणि ते एकट्या चालकाला वाचवता येत नाही. त्यासाठी गावातल्या चार गाडीवाल्यांनी एकत्र बसून कुणाचा माल कुणाच्या गाडीत, हे आदल्या रात्री ठरवावं लागतं. अर्ध्या भरलेल्या दोन गाड्यांची एक पूर्ण गाडी करावी लागते. वाशीच्या परिसरातून परतीचं भाडं देणाऱ्या हुंडेकऱ्याशी कायमचा संबंध जोडावा लागतो.

माझी एक विनंती आहे. गाडीत एक वही ठेवा. दर वेळी त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा. किलोमीटर आणि लिटर लिहाच, पण शेजारी तिसरा रकाना काढा: किती किलो माल पोचवला, जातानाचा आणि येतानाचा. महिनाअखेरीस एकूण लिटरला एकूण क्विंटलने भागा. पुढच्या वेळी कुणी अ‍ॅव्हरेज किती म्हणून विचारलं, तर त्याला क्विंटलमागचं डिझेल सांगा.