दाढ आणि दोन दिवस



या व्यासपीठावर गेले काही दिवस आपण संतवाङ्मयावर ऐकले, नाट्यसंगीतावर ऐकले, आणि काल तर अवकाशयानांपर्यंत जाऊन आलात. आज दाढेवर ऐकायचे आहे. चिटणीसांनी मला ‘कामगार चळवळीचे भवितव्य’ हा विषय सुचविला होता. मी त्यांना म्हटले, भवितव्यावर मी तीस वर्षे बोलतोच आहे, एक दिवस दाढेवर बोलू द्या. ते भले गृहस्थ आहेत, म्हणून मी इथे उभा आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. तेव्हा वैद्यकातले जे सांगेन ते स्वतःच्या तोंडातले आणि चार पुस्तकांतले समजावे.

२०२३ च्या हिवाळ्यात माझी खालची उजवी दाढ ठणकू लागली. पगारवाढीची बोलणी चालू होती. मी लवंग धरली, मग लवंगेचे तेल लावले, मग खिशात गोळ्या ठेवू लागलो. असे चार महिने काढले. अखेर एका रात्री गाल असा सुजला की आरशात मी मलाच ओळखीचा वाटेना. त्यावर औषध घेतले, सूज उतरली, आणि तेव्हा कुठे मी दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. मोर्चात लाठी खाल्लेला मी माणूस. पण त्या खुर्चीत माझ्या हाताला घाम सुटला होता, हे कबूल करतो.

बायकोला वेगळीच धास्ती होती. दाढ काढली की डोळ्याची शीर दुखावते आणि नजर जाते, असे तिच्या माहेरी सगळे म्हणतात. डॉक्टर हसून म्हणाले, “वहिनी, दाताची शीर वेगळी, नजरेची शीर वेगळी. दात काढण्याच्या वयातच चष्माही लागतो, म्हणून लोक एकाचे खापर दुसऱ्यावर फोडतात.”

मग त्यांनी जबड्याच्या मागच्या बाजूला सुई दिली. पाच-दहा मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ परक्याची झाली. दुखत नाही, पण कळते सगळे. कोणीतरी जबड्यात पहार घालून खांब हलवतो आहे असा दाब जाणवतो. दाढ ओढून काढतात अशी माझी समजूत होती. तसे नसते. ती आधी हाडातून सैल करतात, मग चिमट्यात धरून इकडून तिकडे हलवीत खोबणीतून बाहेर घेतात. एक कडकन आवाज झाला, तो कानाने नव्हे, डोक्याच्या आतून ऐकला. पुढच्या क्षणी माझी चार महिन्यांची वैरीण ताटलीत पडली होती. केवढीशी ती!

त्या सुईबद्दल मी नंतर वाचले. पूर्वी दाढ काढायची म्हणजे दोघांनी खांदे दाबायचे आणि तिसऱ्याने पक्कड चालवायची. अमेरिकेतील होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने १८४४ साली हसविणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. १८४६ साली बोस्टनच्या रुग्णालयात मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथर देऊन रुग्णाला गुंगी आणली, आणि सर्जनाने त्याच्या मानेवरची गाठ कापून दाखविली. माणसाला वेदनेवाचून कापता येते हे जगाला पटविण्यात दाताच्या डॉक्टरांचा एवढा मोठा वाटा आहे. आज सर्रास वापरतात ते लिग्नोकेन स्वीडनच्या लोफग्रेन यांनी १९४३ साली शोधले आणि ते बाजारात आले १९४८ साली. हा आकडा वाचला आणि मी पुस्तक खाली ठेवले. कारण आमचा फॅक्टरी कायदा १९४८ चा, कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा, आणि दंतवैद्यांचा कायदाही १९४८ चाच! दाढ दुखणाऱ्या कामगारासाठी इतकी सामग्री एकाच वर्षी जमून आली होती. तरी त्याची दाढ का सडते, ते आता सांगतो.

कापसाचा बोळा दाताखाली दाबून मी बसलो असता डॉक्टरांनी हाती कागद दिला. पाऊण तास बोळा सोडू नये. आजचा दिवस चूळ भरू नये, थुंकू नये, गरम खाऊ नये. विडी, तंबाखू, मिशरी वर्ज्य. दोन दिवस विश्रांती, अंगमेहनत नको, बोलणे कमी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. कारणही त्यांनी समजावले. खोबणीत रक्ताची गुठळी धरते, ती म्हणजे जखमेवरचे झाकण. तिच्याखाली नवे मांस भरते. हिरडी काही आठवड्यांत सांधते, हाड भरायला मात्र महिने लागतात. ही गुठळी पहिल्या दिवसांत निघून गेली तर हाड उघडे पडते, आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी जी कळ उठते ती कानापर्यंत जाते. त्याला कोरडी खोबण म्हणतात.

“कोरडी खोबण” हे शब्द ऐकले आणि मला वायंडिंग खात्यातली एक बाई आठवली.

इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत ती बदली कामगार. बदली म्हणजे काय हे इथल्या काही श्रोत्यांना ठाऊक नसेल. रोज पाळीच्या वेळी फाटकाशी हजर व्हायचे. कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर काम, नाहीतर घर. दोन दिवस फाटकाशी दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी तिची आठवण कोणाला राहत नाही. २०२२ साली ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “अण्णा, उद्या दाढ काढायची हाय. दोन दिस रजा मिळंल का?” आणि मी, कामगारांचा पुढारी, तिला म्हणालो, “मावशी, दाढच ना? एवढ्याला कसली रजा? गोळी घ्या आणि पाळीवर जा.”

ती गेली. कापसाच्या धुळीत आठ तास उभी राहिली, दुखू लागले म्हणून मिशरी लावली, थुंकली. तिसऱ्या रात्री कळ उठली. डॉक्टरांनी खोबण धुऊन औषधी पट्टी भरली, आणि दोष मिशरीला दिला. ते खरेच होते. पण मिशरी लावली ती पाळी भरण्यासाठी, आणि पाळी भरली ती माझ्या सांगण्यावरून.

पुढे सहा दिवस ती घरी होती. आता कायद्याचा हिशेब पाहा. विमा कायद्यात आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, सरासरी रोजाच्या शेकडा सत्तर. सहा महिन्यांत ७८ दिवस भरलेले हवेत. तिचे भरले होते. पण त्याच कायद्याचे ४९ वे कलम सांगत होते की आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता नाही. म्हणजे तिने दोन दिवस विश्रांती घेतली असती तर एक पैसा मिळाला नसता. सहा दिवस तळमळली, तेव्हा चार दिवसांचे मिळाले. कलम लिहिणाऱ्यांना मी दुष्ट म्हणत नाही. किरकोळ सबबींना आळा बसावा हा त्यांचा हेतू असावा. पण दाढेला लागतात नेमके दोनच दिवस! पगारी रजेचे विचाराल तर फॅक्टरी कायद्याने वर्षात २४० दिवस भरल्याशिवाय ती नव्हती, आणि बदलीचे २४० भरतात कुठे? पुढे २०२० च्या संहितेत त्याचे १८० केले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मी मात्र दोन दिवस घरी आरामात पडून होतो. गार दहीभात खाल्ला, गालाला बर्फ लावला. गेटसभा दुसऱ्याने घेतली आणि माझ्यावाचून ती चांगली झाली, असे कळले. संघटनेने माझे मानधन कापले नाही. खोबण पंधरा दिवसांत दुखेनाशी झाली. कोणी मला “दाढच ना?” म्हटले नाही.

२०२४ च्या मागणीपत्रकात मी सतरावे कलम घातले: दात काढल्यास दोन दिवस भरपगारी रजा, बदली कामगारांसह. मालकांचे प्रतिनिधी हसले, ते अपेक्षित होते. आमच्या कमिटीतलेही हसले. बोलणी लांबली. शेवटच्या बैठकीत प्रवासभत्ता पदरात पडत होता, त्याच्या बदल्यात चार कलमे सोडावी लागली, आणि त्यांत सतरावे होते. सही माझीच आहे.

परवा ती बाई बाजारात भेटली. “अण्णा, त्या दाढंच्या कलमाचं काय झालं वो?” मी म्हणालो, “पुढच्या कराराला धरू, मावशी.” तिने मान डोलावली. तिची दुसऱ्या बाजूची दाढही किडली आहे. ती दिवाळीच्या सुटीत काढायची असे तिने ठरवले आहे. दिवाळीला अजून सहा महिने आहेत.