ख्रिस्ती श्रद्धेतील प्रतीके

प्राचीन ग्रीस देशात दोन कुळे आतिथ्याच्या नात्याने बांधली गेली, म्हणजे एखादी मुद्रा मोडून तिचे दोन तुकडे करण्याची रीत होती. एक तुकडा यजमानापाशी राही, दुसरा पाहुण्यापाशी. पुढे कैक वर्षांनी त्यांची मुलेबाळे भेटली, तर दोन्ही तुकडे जुळवून पाहत. कडा बरोबर बसल्या की ओळख पटे. या तुकड्याला ‘सिंबोलॉन’ म्हणत. युरोपीय भाषांतील प्रतीकवाचक शब्द यातूनच आला. आणि आपल्या श्रद्धेच्या सूत्रालाही ख्रिस्ती मंडळीने हेच नाव दिले. प्रतीक हे स्वभावतः अर्धे असते. त्याचा उरलेला अर्धा भाग पाहणाराच्या अंतःकरणात असावा लागतो.

ख्रिस्ती धर्माची प्रतीके पाहू लागले, की प्रथम क्रूस आठवतो. परंतु पहिल्या काही शतकांत क्रुसावरील ख्रिस्ताचे चित्र क्वचितच काढले जाई. रोमच्या भूमिगत दफनभूमींत भिंतींवर आढळतात ती मासा, नांगर आणि कोकरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ यांची चित्रे. ग्रीक भाषेत मासा या शब्दाची पाच अक्षरे आहेत. त्यांतून ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या शब्दांची आद्याक्षरे साधली जातात. नांगर हा नव्या करारातील इब्री लोकांस पाठविलेल्या पत्रात आशेची उपमा म्हणून आला आहे. वादळात जहाजाला धरून ठेवणारी वस्तू मृताच्या थडग्यावर कोरण्यात केवढा अर्थ आहे, हे वेगळे सांगावयास नको.

मग क्रूस का नव्हता? कारण तो त्या काळी प्रत्यक्षात होता. गुलाम आणि बंडखोर यांना रोमन सत्ता त्यावर खिळून मारीत असे. ज्यांनी तो मृत्यू डोळ्यांनी पाहिला होता, त्यांना त्याचे चित्र काढणे सोपे नव्हते. क्रूसारोहणाच्या अतिप्राचीन चित्रांपैकी एक तर उपहासासाठी काढलेले आहे. रोममधील पॅलाटाइन टेकडीवर 1857 साली एक भिंतीवरील रेखाटन सापडले. त्यात क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस आहे, समोर एक जण हात उंचावून उभा आहे, आणि खाली अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजत आहे, अशा आशयाची ओळ खरडली आहे. पुढे चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापासून ही शिक्षा बंद पडत गेली, आणि शिक्षेचे साधन नाहीसे होता होता तिचे चिन्ह वर आले. ज्या चिन्हाने अलेक्सामेनोसची हेटाळणी झाली, तेच चिन्ह राजमुकुटावर चढले.

त्या चिन्हाचेही दोन प्रकार झाले. कॅथलिक देवालयांत क्रुसावर ख्रिस्ताचे शरीर असते. बहुतेक प्रॉटेस्टंट मंदिरांत क्रूस रिकामा असतो. पहिला वेदनेची आठवण देतो, दुसरा पुनरुत्थानाची. दोन्ही मिळूनच कथा पूर्ण होते.

प्रतीक केवळ खूण आहे, की त्यात ती वस्तू स्वतः वास करते? या प्रश्नाने धर्मसुधारकांमध्येच फूट पाडली. 1529 साली जर्मनीतील मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचे मतैक्य झाले. पंधराव्यात प्रभुभोजनातील भाकर आणि द्राक्षारस यांचा प्रश्न होता. ती भाकर ख्रिस्ताचे शरीरच आहे, असे ल्यूथरचे म्हणणे. ती शरीराचा बोध करून देते, असे झ्विंग्लीचे. एका क्रियापदावर दोघांचे मार्ग वेगळे झाले.

गोव्यात हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली तेथे आले. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राचोल येथे छापले गेले. ओवीचा छंद त्यांनी इथलाच घेतला, आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही. ऐकणाराच्या मनात जो अर्धा तुकडा आधीपासून होता, त्याला जुळेल असा दुसरा तुकडा ते शोधीत होते.

परंतु त्याच गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली. कुठ्ठाळीचा मंगेश भक्तांनी नदीपलीकडे प्रियोळला नेला. गोव्याच्या वाटांवर चौथऱ्यांवरील पांढरे क्रूस आजही दिसतात. गावकरी तेथे मेणबत्ती लावतात, फुले वाहतात, लादाईन म्हणतात. त्या श्रद्धाळूंना तो क्रूस आधार देतो. मात्र ज्यांच्या पूर्वजांना देव उचलून रातोरात निघावे लागले, त्यांच्यापाशी असलेला अर्धा तुकडा वेगळा आहे. दोन्ही खरे आहेत.

यातच प्रतीकाचे सामर्थ्य आहे आणि त्याची कसोटीही. क्रूस हा मुळात सत्तेने चिरडलेल्याचा आहे. तो सत्तेच्या हाती गेला की कडा जुळेनाशा होतात. दुःखिताच्या हाती आला की आपोआप जुळतात. चिन्ह तेच राहते. ते कोणत्या हाताने धरले आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.